गच्चीवरचं आणि कौलांवरचं शेवाळ: आधी मारा, मग धुवा

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस उघडला तरी हवेतला दमटपणा जात नाही. गच्ची, छज्जे, कौलं, पत्रे यांवर शेवाळ धरणारच. प्रश्न ते काढायचं कसं, हा आहे. सर्रास चालणारी पद्धत अशी: एक माणूस ॲसिड ओततो, दुसरा तारेच्या ब्रशनं खसाखसा घासतो, आणि दुपारपर्यंत गच्ची चकचकीत दिसते. पुढच्या श्रावणात तीच गच्ची आधीपेक्षा जास्त हिरवी होते आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. ॲसिड सिमेंट खातं, तारेचा ब्रश पृष्ठभाग खरखरीत करतो, आणि त्या बारीक खाचांमध्ये पाणी, धूळ आणि शेवाळ आणखी घट्ट बसतं. ब्रशच्या तुटलेल्या तारा मागे राहिल्या की त्यांचे गंजाचे डाग पडतात ते वेगळंच.

म्हणून या लेखातलं एक सूत्र पक्कं धरा: शेवाळ खरवडून काढायचं नाही. ते जागेवर मारायचं, सुटू द्यायचं आणि मग हलक्या हातानं धुवायचं.

आधी ओळखा, काय उगवलंय

हिरवा, बुळबुळीत पातळ थर म्हणजे साधं शेवाळ. हे सगळ्यात सहज जातं. उन्हाळ्यात काळा दिसणारा, कोळशाची पूड फासल्यासारखा थर बहुतेक वेळा नील-हरित शेवाळाचा असतो. तो वाळला तरी मरत नाही, पहिल्या पावसात पुन्हा जागा होतो. कठड्याच्या पायथ्याशी, सांध्यांत, कौलांच्या खाली-वर बसणाऱ्या कडांमध्ये हिरवी मखमल दिसली तर ते मॉस. ते स्वतःत पाणी धरून ठेवतं, म्हणून छपराचं खरं नुकसान तेच करतं. राखाडी किंवा पोपटी, गोल-गोल, चिकटलेले पापुद्रे म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. ते सगळ्यात चिवट. ओढून काढलं तर सोबत सिमेंटची किंवा कौलाची साल घेऊन येतं.

पिंपळ, वड, उंबराची रोपं हा निराळा विषय आहे. पेन्सिलीपेक्षा बारीक रोप भेग ओली करून मुळासकट निघतं. त्याहून जाड असेल तर ओढू नका, कारण वरचा भाग तुटून हातात येतो आणि मूळ भेगेत वाढत राहतं. अशा ठिकाणी वॉटरप्रूफिंगच्या माणसाकडून भेग उघडून, मूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं ती भरून घ्यावी लागते.

कुणी चढायचं आणि कुणी नाही

कठडा कमरेच्या वर असलेली सपाट गच्ची घरच्या घरी करता येते. तेवढंच. उताराचं छप्पर, कठडा नसलेली गच्ची, बाहेर आलेला छज्जा, लिफ्टच्या खोलीचं माथं, ही कामं ज्याच्याकडे फुल बॉडी हार्नेस (खांदे, कंबर आणि मांड्यांभोवती बांधायचा सुरक्षा पट्टा) आहे आणि तो वापरायची सवय आहे त्याचीच. हार्नेसवर आयएस ३५२१ ही भारतीय मानकाची खूण बघा. दोर कशाला बांधला आहे तेही स्वतः बघा. पाण्याचा पाइप, डिशची छत्री, कठड्यावरचं लोखंडी रेलिंग या बांधायच्या जागा नाहीत. आरसीसी कॉलम किंवा त्यासाठीच बसवलेला हुक हवा. स्वस्तात करतो म्हणणारा माणूस दोराशिवाय चढत असेल तर त्याला थांबवा. तुमच्या छपरावर काम करणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी तुमचीही आहे.

शिडीचा नियम साधा आहे: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, शिडीचं टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर, आणि खाली धरायला एक माणूस. एकट्यानं वर जायचं नाही. पायात गमबूट किंवा रबरी तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको. रसायन पडलं की मरणारं शेवाळ जिवंत शेवाळापेक्षा जास्त निसरडं होतं, हे पहिल्यांदा करणाऱ्यांना माहीत नसतं.

गच्चीवरचे दिवे, लिफ्टच्या खोलीबाहेरचे उघडे जोड, पंपाचं कनेक्शन यांचा एमसीबी आधी खाली करा. केबलवाल्यांच्या लोंबणाऱ्या वायरींना हात लावू नका. मे अखेरीस वळवाचे ढग आले आणि गडगडाट ऐकू आला, की हातातलं काम टाकून खाली या.

वेळ

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मुख्य सफाई त्याच्या आधी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे धुतल्यावर उघड्या पडलेल्या भेगा भरायला दोन-तीन आठवडे मिळतात. दुसरी, हलकी सफाई पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. भर पावसात रसायन वापरण्यात अर्थ नाही. ते काम करायच्या आत वाहून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त जाण्यायेण्याची वाट खराट्यानं घासायची आणि पाणी जाण्याची तोंडं मोकळी ठेवायची.

मेमध्ये कधीकधी पाणीकपात असते, तेव्हा बोअरचं पाणी असेल तर तेच वापरा. सोसायटी असेल तर कमिटीची परवानगी आणि आदल्या दिवशी फळ्यावर नोटीस लावा: सकाळी सात ते बारा गच्ची बंद, खालच्या मजल्यांनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. हायपोचा, म्हणजे शेवाळ मारायच्या ब्लीचचा, एक शिंतोडा रंगीत साडीचा सत्यानाश करायला पुरतो.

रसायन आणि त्याचं गणित

मुख्य औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. केमिकलच्या दुकानात ‘हायपो’ म्हणून कारबॉयमध्ये सुटं मिळतं, साधारण १० ते १२ टक्क्यांचं. किराणा दुकानातलं पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं. लेबल वाचा. उन्हात आणि उकाड्यात ठेवलेलं हायपो आठवड्या-आठवड्यानं कमकुवत होत जातं, म्हणून दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नका आणि वर्षभराचा साठाही करू नका.

चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), आयपीएस (घोटलेल्या सिमेंटची फरशी) किंवा साध्या सिमेंटच्या गच्चीला १ टक्का द्रावण पुरतं. साधारण १००० चौरस फुटांना २५ लिटर द्रावण लागतं. १० टक्क्यांचं हायपो असेल तर अडीच लिटर हायपो आणि साडेबावीस लिटर पाणी. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर पाच लिटर ब्लीच आणि वीस लिटर पाणी. १२ टक्क्यांचं असेल तर एका मापाला अकरा मापं पाणी. ब्लीचिंग पावडरच वापरायची असेल, तर ३० टक्के क्लोरीनच्या पावडरीचे साधारण ३४० ग्रॅम दहा लिटर पाण्यात ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरची निवळी तेवढी घ्या. खालचा चुन्याचा गाळ पंपात गेला तर नोझल बंद पडतं आणि गच्चीवर पांढरे पट्टे उठतात.

उष्णता परतवणारा पांढरा रंग किंवा रबरी कोटिंग असलेल्या गच्चीवर अर्धा टक्काच वापरा. आधी एका कोपऱ्यात फूटभर जागेवर लावून दुसऱ्या दिवशी बघा. कोटिंग मऊ पडलं किंवा बोटाला पांढरं लागलं तर तिथे हायपो नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. हायपोत ॲसिड मिसळलं, अगदी संडास साफ करायच्या ॲसिडचा तळाशी राहिलेला थेंब असलेली बादली जरी वापरली, तरी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतो. गच्चीवर आधी कुणी ॲसिड टाकलं असेल तर भरपूर पाण्यानं धुवून, एक दिवस जाऊ देऊन मगच हायपो. द्रावण करताना बादलीत आधी पाणी, मग त्यात हायपो, आणि तेही उघड्या हवेत. साबण घालायची सपाट गच्चीवर गरज नसते. कोणत्या साबणात काय आहे ते ठाऊक नसेल तर घालूच नका.

अंगावर पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि चारही बाजूंनी बंद गॉगल. द्रावण डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धरा आणि लगेच डॉक्टरकडे जा. पाण्याची भरलेली बादली किंवा चालू पाइप हाताशी असल्याशिवाय कॅनचं झाकण उघडू नका.

प्रत्यक्ष काम

पहिलं काम कोरडा कचरा काढण्याचं, पण कबुतरांची विष्ठा असेल तर ती कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. एन ९५ मास्क लावून आधी पाणी शिंपडा, ओली झाल्यावर पट्टीनं काढून पिशवीत भरा आणि ती जागा धुवून घ्या. विष्ठेवर थेट हायपो मारलं तर त्यातल्या अमोनियामुळे तोच विषारी वायू सुटतो, हे दुसरं कारण.

मग पाण्याच्या टाक्या बघा. झाकणं घट्ट लावा. हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपांची तोंडं प्लॅस्टिक गुंडाळून बांधा, आणि काम संपल्यावर ते प्लॅस्टिक काढायची आठवण एका माणसाकडे सोपवा. गच्चीचं पाणी रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या टाकीत किंवा बोअरमध्ये जात असेल तर तो व्हॉल्व्ह बंद करून पाणी बाहेर सोडा. तुळशीची आणि इतर कुंड्या खाली हलवा. ज्या हलत नाहीत त्यांना आधी भरपूर पाणी घाला आणि मग ताडपत्री टाका. पावसाच्या पाइपाचं तोंड तळमजल्यावरच्या झाडांपाशी उघडत असेल तर तिथली मातीही आधी भिजवा, कारण चिंब मातीत रसायन कमी मुरतं. सोलर पॅनेल, त्यांच्या चौकटी आणि गिझरचे पाइप झाका.

पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा लावा. सुटलेलं शेवाळ, मॉस, वाळू पाइपात जाऊ द्यायची नाही. साधारण चार इंची पाइप असतो, आणि त्याच्या वाकणात साचलेला हा गाळ नेमका पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचं तळं करतो. शिवाय पावसाळी गटारांतलं पाणी नाल्यातून थेट खाडीला आणि समुद्राला मिळतं, म्हणून जे पिशवीत भरता येईल ते पिशवीतच भरायचं.

मॉसचे जाड गादे असतील तर ते आधी ओले करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचला. वरचा गादा ठेवून फवारणी केली तर औषध मुळाशी पोहोचतच नाही. दगडफुलाला या टप्प्यावर हात लावू नका.

फवारणी सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवा. पाठीवरचा शेतीचा पंप चालतो, पण तो नवा किंवा फक्त याच कामाचा असावा. कीटकनाशक मारलेला पंप नको, आणि पितळी नोझल नको, ते खाल्लं जातं. गच्ची आधी पाण्यानं ओलसर करा. पाणी साचलेलं नको, नुसती ओल हवी. मग दाराच्या समोरच्या टोकापासून मागे-मागे येत फवारा, म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही आणि बाहेर पडायची वाट कोरडी राहते. वारा पाठीमागून यावा. फवारा ढगासारखा बारीक नको, जाड थेंबांचा आणि गुडघ्याखालून हवा.

यानंतर दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं. हिरवा रंग आधी पिवळट तपकिरी होतो, मग फिका पडतो. काळा थर करडा होऊन कडेनं सुटायला लागतो. या वेळात पृष्ठभाग वाळला तर औषधाचं काम तिथेच थांबतं, म्हणून ऊन वर आलं असेल तर पाच-सात मिनिटांनी हलका पुन्हा फवारा. एकदम सगळी गच्ची फवारू नका. दोन-अडीचशे चौरस फुटांचे पट्टे करा.

मग खराटा किंवा काथ्याचा, नायलॉनचा ताठ ब्रश. घासायचं ते सांध्यांच्या दिशेनं आणि हलकं. पहिल्या हाताला जे निघत नाही त्यासाठी जोर लावण्याऐवजी त्याच जागेवर दुसऱ्यांदा, हवं तर २ टक्क्यांचं द्रावण लावा. कठड्याच्या पायथ्याची गोलाई, टाकीच्या पायांच्या आतली बाजू आणि पाइपाच्या तोंडाभोवतीचा हातभर भाग, इथे छोटा ब्रश घेऊन बसावं लागतं. पुढच्या वर्षीचं शेवाळ इथूनच पसरतं, आणि घाईत नेमक्या याच जागा सुटतात.

शेवटी उंच बाजूकडून पाइपाच्या तोंडाकडे धुवा. हायपोचा वास जाईपर्यंत आणि वाहणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. झाकलेल्या कुंड्या आणि खालची झाडं पुन्हा एकदा पाण्यानं धुवा. पंपातून दोन वेळा साधं पाणी काढा.

दगडफूल औषध लागूनही त्या दिवशी निघत नाही. ते पांढरट होतं आणि काही आठवड्यांत, कधी पहिल्या पावसात, आपोआप सुटतं. थांबा.

प्रेशर वॉशरबद्दल

लोकांना हे यंत्र आवडतं, कारण फरक डोळ्यांसमोर दिसतो. पण चायना मोझॅकच्या तुकड्यांमधलं सिमेंट त्या धारेनं उडतं. एका जागी बोटभर खळगा पडला की पुढे शेजारचे तुकडे हलायला लागतात, आणि त्यातून पाणी खालच्या ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरात जातं. तिथे गेलेलं पाणी पाऊस संपला तरी महिनोन्महिने झिरपत राहतं. यंत्र वापरायचंच असेल तर फक्त धड, न भेगाळलेल्या काँक्रीटवर, पंख्यासारख्या पसरट धारेच्या नोझलनं, आणि नोझल पृष्ठभागापासून किमान फूटभर दूर धरून. एकाग्र धारेचं नोझल छपरावर आणूच नका.

कौलं आणि पत्रे

खोताची वाडी, वांद्र्याचं रनवार, गिरगावातल्या जुन्या चाळी, उपनगरांतली गावठाणं इथे अजून मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची ही कौलं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण माणसाचं वजन त्यांना सोसत नाही. चढायची वेळ आलीच तर वजन वाटून घेणारी फळी-शिडी टाकून, वाशांच्या रेषेवरूनच. शक्यतो शिडीवरूनच लांब दांड्याचा ब्रश आणि पंप वापरा. फवारा नेहमी वरून खाली. खालून वर मारलेलं पाणी कौलांच्या सांध्यातून आत शिरून रिपा कुजवतं. द्रावण १ टक्का. फुटलेलं कौल बदलताना जुन्या कौलावर उमटलेली कारखान्याची छाप बघून त्याच बनावटीचं शोधा. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच नीट बसत नाही आणि तिथून गळती सुरू होते.

जुन्या करड्या, नालीदार सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. ते घासले, खरवडले किंवा प्रेशरनं धुतले की त्यातले तंतू हवेत सुटतात, आणि ते कर्करोगाला कारण ठरतात. या पत्र्यांचं शेवाळ काढायचा अट्टाहास करू नका. काळे पत्रे गळत नसतील तर तसेच राहू द्या. शिवाय हे पत्रे ठिसूळ असतात. त्यांवर पाय ठेवून थेट खाली कोसळल्यानं माणसं दगावतात. बदलायचे असतील तर न फोडता, ओले ठेवून, अख्खे उतरवायचे.

लोखंडी आणि रंगीत पत्र्यांवर, म्हणजे गच्चीवरच्या पावसाळी शेडवर, हायपो नको. ते जस्ताचा थर आणि स्क्रू खातं. मऊ ब्रश, सौम्य साबणाचं पाणी आणि भरपूर धुणं पुरतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

धुतलेली गच्ची वाळत असताना त्याच संध्याकाळी बारकाईनं बघा. केसासारख्या भेगा ओलसर राहतात म्हणून वाळताना काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. खडूनं खुणा करा आणि पावसाआधी भरून घ्या. नंतर गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही जिथे डबकं राहतं तिथे उतार कमी आहे. तिथे कितीही औषध मारलं तरी शेवाळ धरणार, आणि डासही होणार. टाकीचा गळका फ्लोट व्हॉल्व्ह, एसीचं ठिबकणारं पाणी, गुलमोहराचा साचलेला पाला ही शेवाळाची बाकीची कारणं. यातलं एकही रसायनानं बरं होत नाही.

स्वच्छ, कोरड्या गच्चीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचं १ टक्का द्रावण एकदा मारून ठेवलं तर शेवाळ उशिरा धरतं. बाजारात ५० टक्क्यांचं मिळतं, म्हणजे अर्धा लिटर औषधाला साडेचोवीस लिटर पाणी. हायपो पूर्ण धुवून, गच्ची वाळल्यावरच मारा आणि पुढचा दिवसभर पाऊस नको. ते माशांना मारक आहे, म्हणून पाऊस तोंडावर असताना नको आणि हार्वेस्टिंगचं पाणी साठवणाऱ्या गच्चीवर अजिबात नको. कौलारू छपराच्या आढ्याखाली तांब्याची पट्टी लावण्याचा उपाय चालतो. पावसाबरोबर उतरणारं तांबं शेवाळाला वाढू देत नाही. पण तेच पाणी पुढे जस्ती पन्हळीत पडलं तर पन्हळ गंजते, म्हणून खाली पीव्हीसीची पन्हळ असेल तरच ती पट्टी लावा.

उरलेलं पातळ द्रावण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहान लागलेलं लहान मूल किंवा घाईतला माणूस ते पाणी समजून पितो. मोकळ्या पिंपात भरपूर पाणी घालून संडासात सोडा. मूळ कॅन मात्र लेबलासकट, झाकण घट्ट लावून, सावलीत आणि कुलपात ठेवा, ॲसिडच्या बाटलीपासून लांब.